तळपाय

सकाळी सातला कवडूमामाचा मिस्ड कॉल येतो.
एकदा वाजला म्हणजे सगळं बरं,
दोनदा वाजला म्हणजे बोलायचं आहे.
एरवी उचलायचा नसतो. उचलला की पैसे जातात,
असं त्याला अजून वाटतं.

रविवारी मी मानेवाड्याहून तांडापेठेत जाते,
स्कूटीच्या डिकीत बर्फाच्या पिशवीत इन्सुलिनची पेनं
आणि भिवापुरी मिरचीचं तिखट.
गोड गेलं तं गेलं, जीभ तरी जागी राहू दे, म्हणतो.

खोलीच्या मधोमध तो खड्डा अजून आहे.
माग विकला त्याला अठरा वर्षं झाली.
लाकूड भंगारात गेलं,
फणी कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला,
खड्डा तेवढा कुणी नेला नाही.
मी म्हटलं, बुजवू या मामा, रात्री पडशील.
"बुजवून? पाय कुठं ठेवू मंग?"
आणि खरंच, तो काठावर बसतो, पाय आत सोडून,
पोटाची चिमटी धरतो
आणि धोटा हाणायचा तसाच, न बघता,
सुई टोचतो.

वहीत आकडे. एकशे दहा, एकशे बारा, एकशे आठ,
लुगड्याच्या काठासारखे सरळ,
एक धागा चुकलेला नाही.
मशीनला मात्र सगळं आठवतं.
मी बटण दाबत मागे मागे जाते:
दोनशे शहाऐंशी. तीनशे चार.
मंगळवारी काहीच नाही.
"मंगळवारी काय झालं?"
"निनावेच्या पोरीचं साक्षगंध होतं."
"मग?"
"मंग काई नाई. बुंदी होती."
आम्ही दोघंही हसतो.
मी हसायला नको होतं.

मग पाय. एकेक करून मांडीवर घेते,
मोबाईलचा टॉर्च लावून बेचक्यांत बघते.
चाळीस वर्षं यांनी पावड्या दाबल्या,
डावा, उजवा, डावा,
ताण्याचं एक सूत सैल झालं तरी
हाताआधी यांना कळायचं.
आता मी बॉलपेनच्या टोपणाने टोचून विचारते, इथे?
तो छताकडे बघत म्हणतो, हो.
इथे?
हो.
मी टोपण उचललेलं असतं, तेव्हाही
हो.

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
कूलरमध्ये पाणी टाकायला गच्चीवर गेला अनवाणी.
शुक्रवारी. मला दिसलं रविवारी:
तळव्यावर रुपयाएवढा फोड, फुटलेला.
चादरीवरचा डाग बघून त्याला वाटलं होतं
लोणच्याचं तेल सांडलं.
मी ओरडले. त्याच्यावर पहिल्यांदाच.
चप्पल का नाही घातली?
"चटका नाई बसला मले. मंग चप्पल कायले घालू?"
चटका बसायला हवा होता, मामा,
एवढंच म्हणायचं होतं मला,
पण असं कुणाला म्हणतात का,
ते पट्टी गुंडाळून होईपर्यंत ठरेना.

मेडिकलच्या रांगेत तीन तास.
परत येताना म्हटलं, माझ्याकडे चल राहायला.
तो बराच वेळ स्कूटीवर मागे गप्प.
गोळीबार चौकात सिग्नल लागला, तेव्हा विचारतो,
"तुह्या घरी खड्डा आहे का?"

काल सकाळी सात वाजून गेले.
सात दहा. सात पंधरा.
मी हेल्मेट घातलं होतं
तेवढ्यात वाजला. थांबला. पुन्हा वाजला.
उचलला.
"काई नाई वं. मंगाशी पाय दुखल्यासारखा वाटला.
सांगावं म्हटलं तुले."

हे खरं होतं की वहीतलं,
मी विचारलं नाही.
विचारलं, कोणता?
पलीकडे बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.
त्याचे पैसे जात होते.